सँडबर्गचा चौथा क्वार्टर

माणसाची किंमत काय, असं कुणी विचारलं तर बाकीच्यांना विचार करावा लागत असेल. मला नाही लागत. माझी किंमत एक स्कोअरबोर्ड. तोही जुना. सँडबर्गच्या बास्केटबॉल संघाकडे धड बोर्ड नव्हता, कोल्टनच्या संघाकडे एक जादा पडून होता, आणि कोल्टनला एक गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, हवा होता. सँडबर्गच्या कोचनं, रॉय ब्रँडवोल्डनं, मला दिलं आणि बोर्ड घेतला. गरज सरो, वैद्य मरो. मी बसनं माँटानात कोल्टनला आलो, बोर्ड ट्रकनं नॉर्थ डकोटात सँडबर्गला गेला. वाटेत कुठेतरी आम्ही एकमेकांना ओलांडलं असणार. ट्रकवाल्यानं त्याला ताडपत्रीत नीट गुंडाळलं होतं म्हणे. माझ्या बसचा हीटर बंद होता.

मी व्हर्डेल स्ट्राउड, आर्कान्सातल्या हेलेनाचा. नाव ऐकलेलं नसेल तुम्ही. ऐकलेलं असतं तर हे सांगत बसायची वेळ माझ्यावर आली नसती. कॉलेज संपल्यावर वरच्या लीगमधल्या एका संघानं मला सरावाला बोलावलं. शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं. मग एक गोडबोल्या माणूस आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाळा, तुझी पिशवी भर. तिथून मी खालच्या लीगमध्ये उतरलो. एक वर्ष, फार तर दोन, असं इथे येणारा प्रत्येकजण म्हणतो. आपण इथले नाहीच, वाट चुकून आलोय, अशा थाटात सगळे वावरतात. मीही तसाच वावरलो आणि त्यात बारा हिवाळे गेले.

वरच्या लीगचे लोक विमानात पाय मावत नाहीत म्हणून कुरकुरतात. आम्ही नऊ जण एका व्हॅनमध्ये असायचो आणि पुढच्या सीटवरून हातघाईवर यायचो. पेट्रोलपंपावरचे गारढोण बरिटो खायचो. कुठे शाळेच्या जिममध्ये खेळायचो, कुठे जनावरांच्या बाजाराच्या मंडपात. मध्यंतरात प्रेक्षकांमधल्या एका शेतकऱ्याला मैदानाच्या मधून चेंडू टाकायला बोलवायचे. पडला तर डुक्कर बक्षीस. एकदा एका म्हाताऱ्याचा पडला. त्या संध्याकाळी वर्तमानपत्रवाल्यांनी माझे छत्तीस गुण सोडून त्याचा फोटो काढला, डुकरासकट.

पण मी चांगला खेळायचो. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. सँडबर्गमध्ये माझ्या तिसऱ्या वर्षी तर मला अडवायला कुणी तयारच होत नव्हतं. त्या फेब्रुवारीत वरच्या लीगच्या एका संघाचे दोन गार्ड एकाच आठवड्यात जायबंदी झाले. तिथून ब्रँडवोल्डला फोन आला. स्ट्राउड उद्याच्या विमानानं येऊ शकेल का? दहा दिवसांचा करार. आमच्या लीगमध्ये त्या दहा दिवसांसाठी लोक रात्रंदिवस देव पाण्यात घालून बसतात.

ब्रँडवोल्ड म्हणाला, "अरेरे, काय सांगू? त्याचा गुडघा कलिंगडाएवढा सुजलाय. त्यापेक्षा किंबल न्या. चांगला पोरगा आहे."

माझे दोन्ही गुडघे तेव्हा धडधाकट होते. मी त्या क्षणी भिंतीपलीकडे पायाला पट्ट्या बांधून घेत होतो. पण बाद फेरी तोंडावर आली होती, मी गेलो असतो तर त्याचा संघ बसला असता. म्हणून वेंडेल किंबल गेला. दहा दिवसांसाठी गेला आणि आजही तिथेच आहे. दर नाताळाला तो मला कार्ड पाठवतो. त्यावर त्याच्या घराचा फोटो असतो आणि घर दरवर्षी थोडं मोठं झालेलं असतं. बिचाऱ्याला काही माहीत नाही. आमचा संघ त्या वर्षी दुसरा आला, आणि उन्हाळा सरताच माझा स्कोअरबोर्ड झाला.

मला हे कळलं पुढच्या हिवाळ्यात. कोल्टनकडून मी पहिल्यांदा सँडबर्गला खेळायला गेलो, तेव्हा त्यांच्या ऑफिसात फोन घेणारी आर्डिस मला बाजूला घेऊन म्हणाली, "व्हर्डेल, मागच्या फेब्रुवारीत तुझा गुडघा सुजला होता का रे?"

"नाही बुवा. का?"

त्या बाईनं मग सगळं सांगितलं. सामन्यानंतरच्या जेवणात सांगताना ती माझ्या ताटात हॉटडिश, म्हणजे तिकडचा बटाटे-मांसाचा भाजलेला खिचडा, वाढत राहिली, वाढतच राहिली. मी ते सगळं खाल्लं आणि डूख धरला.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. ज्यांना साधं खरचटलंय त्यांच्यासाठी असेल. माझं उलटंच झालं. वर्षातून सहा वेळा मी सँडबर्गला जायचो, दात-ओठ खाऊन खेळायचो, पोत्यानं गुण करायचो, आणि सामना संपला की ब्रँडवोल्ड येऊन माझी पाठ थोपटायचा. "शाब्बास रे पोरा! अजून धार आहे तुझ्यात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गुण करून कुणाचं नाक कापता येत नाही, हे मला कळून चुकलं होतं. त्याचं जे काही त्याला सगळ्यात प्यारं असेल, तेच एके दिवशी हातातून काढून घ्यायचं होतं. पण त्याच्याकडे प्यारं असं काही दिसेचना. बायको सोडून गेलेली, कुत्रंसुद्धा नाही. वाट पाहण्यात आठ वर्षं गेली.

मग त्याला आशा लागली.

वरच्या लीगमधल्या एका संघाला सहायक कोच हवा होता. त्यांच्या माणसानं ब्रँडवोल्डला सांगितलं होतं, "रॉय, तू आवडतोस आम्हाला. पण पाच वर्षं सलग दुसरा आलेला माणूस मी आमच्या मालकाच्या गळ्यात कसा मारू? एकदा पहिला ये, मग बोलू." ही गोष्ट आमच्या अख्ख्या लीगला ठाऊक होती. व्हॅनमध्ये आम्ही दुसरं बोलतच नव्हतो. आणि त्या वर्षी सँडबर्ग पहिलं येऊ शकत होतं. फक्त शेवटचा सामना उरला होता, तो आमच्याशी.

इथे आमच्या लीगची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे नुसतं जिंकून भागत नाही. सामना जिंकला की तीन गुण, आणि चारांपैकी जो जो क्वार्टर जिंकाल त्याचा आणखी एकेक. सामना हरलेल्या संघालासुद्धा क्वार्टरचे गुण मिळतात. म्हणून आमच्याकडे वीस-वीस बास्केटनी हरणारे लोकही शेवटच्या भोंग्यापर्यंत कुत्र्यासारखे भांडतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या विणकाम करता करता क्वार्टरचा हिशेब तोंडपाठ ठेवतात. त्या रविवारी सँडबर्गला सामना जिंकायचा होता आणि शिवाय दोन क्वार्टर. एकच क्वार्टर मिळाला, तर पुन्हा दुसरा नंबर.

कोल्टन कधीच स्पर्धेबाहेर गेलेलं होतं. माझा तर तो आयुष्यातला शेवटचा सामना होता. चौतिसावं संपलं होतं आणि डाव्या गुडघ्यातून डॉक्टर दर पंधरवड्याला पाणी काढत होते. पुढे काय करायचं, याचा पत्ता नव्हता.

सामना दुपारचा होता. बाहेर इतकी थंडी होती की आवारातल्या सगळ्या गाड्या इंजिन गोठू नये म्हणून वायरी लावून ठेवलेल्या. सँडबर्गचं मैदान म्हणजे खरं तर आइस हॉकीचं. बर्फावर फळ्या टाकतात आणि त्यावर आम्ही खेळतो. पायांतून गारठा वर चढतो. मी कपडे बदलायच्या खोलीकडे चाललो होतो, तेवढ्यात बोळात ब्रँडवोल्डनं मला गाठलं. अंगात नवा सूट, कॉलरला किमतीची चिठ्ठी टाचल्याची टाचणी तशीच राहिलेली.

"व्हर्डेल, दोन मिनिटं आहेत का रे?"

"बोला कोच."

"हे बघ, मी वर गेलो तर मला माझा एक माणूस नेता येणार आहे. गार्ड पोरांना तयार करायला. मी तुझं नाव सांगणार आहे."

मी पिशवी खाली ठेवली.

"माझं?"

"मग कुणाचं? तुझ्याएवढा खेळ इथं कुणाला कळतो? तुला वर असायला हवं होतं, व्हर्डेल. नशीब नाही साथ देत कधी कधी."

नशीब म्हणाला तो. चोराच्या उलट्या बोंबा! पण बारा वर्षं ज्या दारावर मी डोकं आपटत होतो, ते दार हा माणूस उघडून धरत होता; ज्यानं ते माझ्या तोंडावर आपटलं होतं, तोच.

"सामन्यानंतर सांग," तो म्हणाला आणि माझ्या दंडावर चापट मारून गेला. त्यानं मला मुद्दाम ढिलं खेळ असं काही सुचवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्याची गरजच नव्हती. माणूस मिंधा झाला की आपोआप ढिला पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बोळाच्या टोकाला सार्वजनिक फोन होता. मी बायकोला, डेल्फीनला, फोन लावला. ती हेलेनाला हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते. रविवारी घरी असते.

"काय म्हणतोस? त्या मेल्यानं स्वतःहून विचारलं?"

"हो."

"मग हो म्हण."

"डेल्फीन, त्यानं माझं वाटोळं केलंय."

"मला नको सांगूस. आठ वर्षं ताटावर बसून तेच ऐकतेय. त्याचं नाव आपल्या घरात देवापेक्षा जास्त वेळा निघतं. हो म्हण, नोकरीला लाग, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कॉफीत थुंक. मी अडवणार नाही."

मला हसू आलं.

"हसू नकोस रे. जिना चढताना कण्हतोस तू, मला काय ऐकू येत नाही? इथं येऊन काय करणार आहेस? माझ्याबरोबर चादरी पिळणार? बाबा रे, रागानं पोट भरत नाही. भरलं असतं ना, तर तू एव्हाना बैलासारखा झाला असतास."

"बघतो."

"बघू नकोस. हो म्हण."

पहिल्या क्वार्टरमध्ये मी मैदानावर होतो खरा, पण मनानं केव्हाच वरच्या लीगच्या बाकावर जाऊन बसलो होतो. अंगात कोट, मानेभोवती टाय, डेल्फीन पुढच्या रांगेत. सँडबर्गनं आम्हाला धुतलं. एकोणीसनं तो क्वार्टर त्यांनी घेतला. आमचा कोच हॅल्व्हर्सन, एरवी शाळेत पीटी शिकवणारा गरीब माणूस, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं आहे," मी म्हणालो आणि टॉवेलात तोंड खुपसलं.

तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातून ब्रँडवोल्डचा आवाज आला. तो त्याच्या नव्या गार्डला सांगत होता. ट्रेंट लॅशली नावाचं पोरगं. वरच्या एका संघाचं, चार आठवड्यांसाठी हात साफ करायला खाली धाडलेलं. ब्रँडवोल्ड त्याला म्हणाला, "स्ट्राउडच्या डाव्या बाजूनं घुस. लागला तर धक्का लागू दे. गुडघा गेलाय त्याचा."

कोच हे सांगणारच. मी कोच असतो तर मीही हेच सांगितलं असतं. पण त्या तोंडून "गुडघा" हा शब्द ऐकला आणि डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षांपूर्वी खोटं बोलला होता, ते आता खरं होईपर्यंत मी वाट पाहिली होती, आणि आता तो तेही वापरून घेणार होता. मी टॉवेल फेकला.

लॅशली खरंच डाव्या बाजूनं घुसला. मी आधीच तिथे उभा होतो. चेंडू त्याच्या हातातून सुटला, मी पुढे आमच्या एका पोराकडे फेकला, बास्केट. पुढच्या वेळी पुन्हा. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं, पण त्याला सरळ पळायचंच शिकवलेलं. म्हातारा माणूस कोपर कुठे ठेवतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ओ काका, फाउल आहे हा!" तो ओरडला.

"पंचाला सांग की बाळा. त्याची आई इथलीच आहे, तिला सांग."

दुसरा क्वार्टर आम्ही तीननं घेतला. तिसरा चारनं. सामना हातचा गेलेलाच होता, पहिल्या क्वार्टरचा खड्डा बुजणार नव्हता; पण तिसरा आम्ही घेतला तेव्हा सँडबर्गच्या म्हाताऱ्यांची विणकामं थांबली. सगळं आता चौथ्या क्वार्टरवर आलं होतं. ब्रँडवोल्डनं कोट काढला होता. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, जरा कोड्यात पडल्यासारखं.

तो क्वार्टर कसा गेला ते मला विचारू नका. गुडघा जळत होता. एक बास्केट त्यांचं, एक आमचं. भिंतीवरचा बोर्ड, म्हणजे मीच म्हणा, एकूण गुणच दाखवायचा. क्वार्टरचे वेगळे दाखवायची सोय त्यात नव्हती. सँडबर्ग पुढे, तेही बाराच्या वर, एवढंच नवख्याला त्यावर दिसत होतं. ज्याला त्याला क्वार्टरचा हिशेब आपल्या डोक्यात ठेवावा लागत होता. मी ठेवला होता. शेवटी शेवटी तो क्वार्टर सँडबर्ग एका गुणानं जिंकत होतं.

आमच्या पोराचा नेम चुकला. चेंडू रिंगवर आपटून लॅशलीच्या हातात पडला, त्यांच्याच बास्केटखाली. काही सेकंद उरले होते. तो तिथेच उभा राहिला. वरच्या लीगचं पोरगं; तिथे सामना हातात आला की चेंडू धरून उभं राहायचं, भोंग्याची वाट पाहायची आणि समोरच्यानं हात मिळवायला यायचं, अशी रीत. त्याच्या लेखी सामना संपला होता. तो हसत हसत माझ्या दिशेनं आला, चेंडू एका तळहातावर, दुसरा हात पुढे केलेला.

"मस्त खेळलात काका."

अशा वेळी समोरच्याच्या हातचा चेंडू घेत नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण माणूस माणसासारखा वागतो तसंच हे. मी बाकाकडे पाहिलं. ब्रँडवोल्ड मैदानाकडे पाठ करायच्या बेतात होता. पहिल्या रांगेतला निळ्या कोटातला माणूस, त्याला न्यायला आलेला, उठून त्याच्यापुढे हात करत होता. पाठ फिरवण्याआधी ब्रँडवोल्डनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.

बस्स. तेवढ्यानं ठरलं. त्यानं डोळा मारला नसता, तर देवाशपथ, मी त्या पोराचा हात हातात घेतला असता. पण त्या डोळ्यात मी त्याला मिळालेलोच होतो. आधी एकदा विकलं, आता विकत घेतलं, एवढाच काय तो फरक.

मी लॅशलीच्या तळहातावरचा चेंडू उचलला आणि वर बास्केटमध्ये टाकला. उडीसुद्धा मारावी लागली नाही. भोंगा झाला.

लॅशलीचा हात अजून पुढेच होता. "अहो, वेडबिड लागलंय का तुम्हाला?" तो खो खो हसत म्हणाला. "अकरानं हरलात तुम्ही!"

त्या अख्ख्या इमारतीत हसणारा तो एकटाच होता. लोक उठून उभे राहिले होते, पण टाळ्या नव्हत्या. मग एका म्हाताऱ्यानं मला शिवी घातली, त्याच्या मागे आणखी चौघांनी. कागदी पेला माझ्या डोक्यावरून गेला. लाउडस्पीकरवरचा माणूस खाकरला आणि मयताला बसल्यासारखा म्हणाला, "चौथा क्वार्टर... कोल्टन."

निळ्या कोटवाल्याला काही कळलं नाही. तो ब्रँडवोल्डचा हात अजून हलवतच होता. "अभिनंदन रॉय! जिंकलात की! मग पहिले ना?"

ब्रँडवोल्डचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याला स्वतःच्या तोंडानं समजावून सांगावं लागलं. सामन्याचे तीन. क्वार्टरचा एकच. दोन हवे होते. त्या माणसानं दोनदा विचारलं, म्हणून त्याला दोनदा सांगावं लागलं. नव्या सुटाच्या काखा भिजल्या होत्या.

"म्हणजे पुन्हा दुसरे?" निळा कोटवाला म्हणाला आणि हात सोडवून घेऊन आपली टोपी शोधायला लागला.

मी ते सगळं उभं राहून पाहिलं. लोक शिव्या देत होते आणि मला ते गाणं म्हणत असल्यासारखं वाटत होतं. आठ वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. लाज वगैरे काही वाटली नाही. वाटायला हवी होती, असं म्हणणाऱ्यानं आधी आपलं आयुष्य एका स्कोअरबोर्डला विकून पाहावं.

कपडे बदलून बाहेर पडलो तर तो बोळात भिंतीला टेकून उभा होता. एकटाच.

"मुद्दाम केलंस तू."

"हो."

"मी तुला बरोबर नेणार होतो. आता ना मी जाणार, ना तू. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग का? अरे माणसा, का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी आठ वर्षं घोटून ठेवलं होतं. व्हॅनमध्ये, लॉजच्या पलंगावर, गुडघ्यात सुई घुसत असताना. ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडेल, नजर खाली जाईल, मग आधी नाही म्हणेल, मग माफी मागेल. सगळं मी पाहून ठेवलं होतं.

"त्या फेब्रुवारीतल्या फोनसाठी, रॉय," मी म्हणालो. "माझा गुडघा कलिंगडाएवढा सुजला होता ना?"

त्याचा चेहरा पांढरा पडला नाही. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चावी कुठे ठेवली हे आठवताना माणसाचा चेहरा होतो, तसा झाला.

"कुठला फोन?" तो म्हणाला. "थांब... किंबल गेला तो? तो तुझ्यासाठी होता?" त्यानं डोकं खाजवलं. "गुडघ्याचं मी डेम्प्सीच्या वेळी सांगितलं, असं मला वाटत होतं. तुझ्या वेळी बहुतेक आई आजारी सांगितली."

"किती जणांचं सांगितलंस तू?"

"असतील चार-पाच. सगळेच सांगतात रे. फेब्रुवारीत जो बरा खेळतोय तो धरून ठेवायचा, नाहीतर मार्चमध्ये खेळवायचं कुणाला?" मग तो जे बोलला, ते खरंच चांगुलपणानं बोलला. "तुझ्यावर माझा काही राग नव्हता, व्हर्डेल. कधीच नव्हता."

मी उभ्या जागी गार झालो. मी इतका भारी होतो की मला अडवायला एका माणसाला आपला आत्मा विकावा लागला, ह्या एका गोष्टीवर मी आठ वर्षं जगलो होतो. घरच्या भिंतीवर माझी एकही ट्रॉफी नाही. होती ती हीच. आणि ह्याला तर माझा आणि डेम्प्सीचा फरकही आठवत नव्हता.

"मग हे त्या चौघा-पाचांच्या वतीनं समज," मी म्हणालो. तो मान हलवून निघून गेला. कॉलरची टाचणी अजून तिथेच होती.

मी फोनपाशी गेलो.

"नोकरी मिळाली?" डेल्फीननं पहिल्या घंटेलाच उचलला होता.

"नाही."

"जिंकलात तरी?"

"अकरानं हरलो."

"आणि तो?"

"तोही गेला. दुसरा आला. न्यायला आलेला माणूस टोपी घालून निघून गेला." मग मी तिला एका दमात सांगितलं, लॅशलीचा हात, चेंडू, भोंगा. मी डोळे मिटून शिव्यांची वाट पाहत राहिलो. नोकरी नाही, गुडघा नाही, आणि उद्यापासून जन्मभर हेलेनाच्या चादरी.

"व्हर्डेल."

"हं."

"फोन ठेवू नकोस. खुर्ची ओढून घेते." खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. "हां. आता त्याचं तोंड कसं झालं होतं, ते सावकाश सांग."

मी सांगितलं. सुटाच्या काखा, उघडमीट होणारं तोंड, दोनदा समजावणं, सगळं. ती हसता हसता रडायला लागली आणि नाक पुसून म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. दोन्ही वेळा निळ्या कोटवाल्यानं टोपी शोधली, तिथे मी थांबलो. बोळातलं बोलणं मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.